पुतळ्याच्या पोटात

चौकात पुतळा दिसला की लोक वर बघतात. मी आधी घोटे बघतो. उभ्या पुतळ्याचं सगळं वजन आणि वाऱ्याचा सगळा रेटा शेवटी त्या दोन घोट्यांतूनच चौथऱ्यात उतरतो. छाती हवी तेवढी रुंद करता येते, अंगरखा हवा तेवढा फुगवता येतो, पण घोटा माणसाच्याच मापात ठेवावा लागतो, नाहीतर पुतळा बेढब दिसतो. म्हणून चेहरा घडवणारा आणि आतला सांगाडा उभारणारा यांची खरी ओढाताण घोट्यापाशी होते.

२६ ऑगस्ट २०२४च्या दुपारी मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा कोसळला. नौदल दिनाच्या निमित्तानं ४ डिसेंबर २०२३ला त्याचं अनावरण झालं होतं. नऊ महिनेही झाले नव्हते. त्या संध्याकाळी आमच्या भनपुरीतल्या शेडमध्ये मोबाइलवर फोटो फिरला: चौथऱ्यावर नुसती पावलं उरलेली. राजकारणाच्या चर्चा टीव्हीवर पुढे कित्येक दिवस चालल्या. इथल्या वेल्डरांनी फोटो एकदा मोठा करून पाहिला आणि गप्प झाले. त्यांना कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. मला मात्र राहवेना. आपल्याकडे पुतळ्यांवर एवढं बोललं जातं, पण कुणाचा बसवला, कुणी उद्घाटन केलं, कुणी हलवला, एवढंच. तो आतून कसा उभा आहे, धातू कुणी वितळवला, साचा कुणी बांधला, हा इतिहास कुणी सांगत नाही. मी आयुष्यभर ओतकाम केलं आहे. ही बाजू मलाच मांडली पाहिजे.

आमचं घराणं मूळचं भंडाऱ्याचं. तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी भंडारा नावाजलेला. आजोबा तिथे पितळ ओतायचे. वडील रेल्वेच्या रुळांवरूनच पूर्वेला आले आणि रायपूरच्या वॅगन दुरुस्ती कारखान्यात लागले. मी शेजारच्या भनपुरीत फाउंड्रीत मोल्डर म्हणून शिकलो आणि इथलाच झालो. ज्यांनी भनपुरी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागलं की शहर संपता संपता ही वस्ती येते. एकीकडे लाकडाची बाजारपेठ, ओंडक्यांचे ढीग, आरा गिरण्या. दुसरीकडे रोलिंग मिल, ओतशाळा, फॅब्रिकेशनच्या शेड. पुढे उरला, त्याच्या पुढे सिलतरा. भंगाराचे ट्रक रात्रभर येतात आणि सळया, अँगल, चॅनल घेऊन परततात. घराच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी धूळ बसते. पुतळ्यांच्या इतिहासात या गावाचं नाव कुठे नाही. पण मध्य भारतातल्या किती पुतळ्यांच्या पोटातलं लोखंड याच रस्त्यानं गेलं असेल, हे इथून जाणारा ट्रक पाहिला की मनात येतंच.

आपल्याकडे चौकात पुतळा ही चाल इंग्रजांनी आणली. आणि त्यांचे पुतळे आले ते बोटीनं, तयार होऊन. मुंबईत १८७२ साली व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा बसला. तो मॅथ्यू नोबल या इंग्रज शिल्पकाराचा, आणि पैसे बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांचे. १८७९ला आला तो प्रिन्स ऑफ वेल्सचा घोड्यावरचा कांस्य पुतळा, जोसेफ बोहम यांचा. डेव्हिड ससून घराण्यातल्या अल्बर्ट ससून यांनी तो शहराला दिला. लोकांनी त्याच्यावरच्या राजपुत्राकडे दुर्लक्ष करून घोड्यालाच नाव दिलं आणि तो सगळा परिसर काळा घोडा झाला. १८९६ साली चापेकर बंधूंनी व्हिक्टोरियाच्या पुतळ्याला डांबर फासलं. स्वातंत्र्यानंतर अशा पुतळ्यांची उचलबांगडी सुरू झाली, १९६५ला काळा घोडाही भायखळ्याच्या राणीबागेत गेला. हे सगळे पुतळे विलायतेत घडले होते. ते बसवताना इथल्या मजुरांनी दोर ओढले असतील, बाकी आपल्या कारागिराचा त्यांत हात नव्हता.

आपल्याला ओतकाम येत नव्हतं म्हणून असं झालं, अशी मात्र कुणी समजूत करून घेऊ नये. रायपूरपासून थोड्या अंतरावर महानदीकाठी सिरपूर आहे. तिथे १९३९ साली आठव्या शतकाच्या आसपासच्या बौद्ध कांस्यमूर्तींचा साठा सापडला. त्यातली एक तारा आज लॉस एंजेलिसच्या संग्रहालयात आहे, आणि काही मूर्ती आमच्या महंत घासीदास संग्रहालयात. राजनांदगावच्या महंत घासीदासांनी १८७५ साली सुरू केलेलं हे संग्रहालय देशातल्या जुन्या संग्रहालयांपैकी एक. तिथल्या काचेसमोर उभं राहिलं की माझी नजर मूर्तीच्या बोटांवर जाते. एवढ्या बारीक बोटात धातू शेवटच्या टोकापर्यंत पोचला, मध्ये थिजला नाही, बुडबुडा धरला नाही. बाराशे वर्षांपूर्वीच्या त्या ओताऱ्याला आपली भट्टी ठाऊक होती.

ते काम बस्तरात अजून जिवंत आहे. कोंडागावचे घडवा कारागीर कसं ओततात ते मी जवळून पाहिलं आहे. आधी मातीचा गाभा. तो वाळला की त्याच्यावर मेणाचे दोरे. मेण पिचकीत घालून दाबायचं, शेवयांसारखे लांब दोरे निघतात; ते एकाशेजारी एक गाभ्यावर बसवत जायचं. घोडा असो, हत्तीवरची देवी असो, अंगावरची प्रत्येक रेघ या दोऱ्याचीच. त्यावर अगदी मऊ मातीचा हात, मग भुसा मिसळलेल्या जाड मातीचा. वरच्या बाजूला मातीचीच वाटी, तिच्यात पितळेचे तुकडे, आणि ती वाटी साच्यालाच जोडून बंद केलेली. भट्टीत वाटी खाली, साचा वर. मेण जळून जातं, पितळ वितळतं, आणि मग सांडशीनं सगळं उचलून उलटं केलं की धातू आपोआप मेणाच्या रिकाम्या जागेत उतरतो. पळी नाही, धार नाही, ओतताना उडणारी ठिणगी नाही. आमच्या फाउंड्रीत एवढी यंत्रं असून वाळूच्या ओलाव्यानं कितीतरी ओतीव नग बाद होतात. कोंडागावात तो कारागीर आगीच्या रंगावरून वेळ ओळखतो आणि एकदाच उलटं करतो.

तर विद्या होती, पण ती वीतभर मूर्तीची. बारा-तेरा फुटांचा घोडेस्वार एकसंध ओतायचा तर त्याला कारखाना लागतो. तो टप्पा महाराष्ट्रात आला १९२८ साली, आणि तो आणला सासवण्याच्या विनायक पांडुरंग करमरकरांनी. माझ्या दृष्टीनं आपल्या चौकातल्या पुतळ्याचा खरा इतिहास इथून सुरू होतो.

करमरकरांचा जन्म २ ऑक्टोबर १८९१चा, अलिबागजवळ सासवण्याचा. गावच्या देवळाच्या भिंतीवर या मुलानं घोड्यावरचे शिवाजी महाराज रंगवले होते. कुलाब्याचे इंग्रज कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांनी ते चित्र पाहिलं आणि मुलाला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत घालण्याची व्यवस्था केली. पुढे कलकत्त्यात स्टुडिओ, मग लंडनच्या रॉयल अकादमीत शिक्षण. इकडे पुण्यात १९ नोव्हेंबर १९२१ला प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते शिवस्मारकाची पायाभरणी झाली होती. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी ते मनावर घेतलं होतं. १९२२ला शाहू महाराज गेले, काम रेंगाळलं, आणि पुढे महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचं काम करमरकरांकडे आलं. उंची साडेतेरा फूट, वजन आठ टनांच्या घरात. तो ओतला गेला मुंबईच्या माझगाव गोदीत, आणि अखंड ओतला गेला.

‘अखंड’ म्हणजे काय, हे ओतकाम न केलेल्याला सांगितल्याशिवाय कळायचं नाही. मोठा पुतळा सहसा तुकड्यांत ओततात. शीर वेगळं, धड वेगळं, हात वेगळे, घोड्याचे पाय वेगळे. मग ते जोडायचे, सांधे घासायचे, रंग एकसारखा करायचा. एखादा तुकडा बिघडला तर तेवढाच परत ओतता येतो. अखंड ओतायचं ठरवलं की ही मुभा संपली. साच्याच्या पोटात गाभा अधांतरी धरून ठेवायचा, म्हणजे धातूची जाडी सगळीकडे सारखी राहील. तो बोटभर जरी हलला तरी एका बाजूला भोक आणि दुसऱ्या बाजूला गोळा. साच्यात ओलावा राहिला तर वाफ होऊन धातू उसळतो, माणसं भाजतात. हवा निघायला जागोजागी वाटा ठेवाव्या लागतात, नाहीतर घोड्याच्या कानात, लगामात, बोटांत धातू शिरतच नाही. आणि ओतायला सुरुवात झाली की थांबायचं नाही. धार क्षणभर तुटली तर आधीचा धातू थिजतो, मागून येणारा त्याला धरत नाही, आणि आत एक सांधा राहतो जो बाहेरून दिसतसुद्धा नाही. आम्ही त्याला कोल्ड शट म्हणतो. टनावारी कांस्य एकाच वेळी, एकाच तापमानाला तयार हवं. कांस्य हजार-अकराशे अंशांवर छान वाहतं; आमच्या पोलादाला सोळाशेच्या आसपास लागतात. पण कांस्य लवकर वितळतं म्हणून सोपं, असं नाही. त्यातलं जस्त जास्त वेळ तापवलं की उडून जातं.

एवढं मोठं ओतकाम कलावंताच्या स्टुडिओत होणं शक्य नव्हतं. जहाजांची अवजड कामं निभावणारी गोदी आणि तिथले कामगार, यांच्या हातात करमरकरांनी आपली अनेक महिन्यांची मेहनत सोपवली. ओतकामाची ती वेळ मी मनात अनेकदा उभी केली आहे. गोदीतले ते कामगार कोण होते, कुठल्या गावचे, हे आज पुस्तकांत शोधायला गेलं तर हाताला लागत नाही. पण त्यांच्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असणार की आज चुकलं तर उद्या नाही. मग तो आठ टनांचा घोडेस्वार रेल्वेनं घाट चढवून पुण्याला नेला. १६ जून १९२८ला मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. आज तो पुण्याच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात आहे. शंभर वर्षं होत आली, तो ढळलेला नाही. पुण्यात जाणाऱ्यानं तिथे जाऊन घोड्याच्या पायांशी थोडं थांबावं, असं मी प्रत्येकाला सांगतो.

याच विल्सनसाहेबांचा पुढचा भाग कोल्हापुरात घडला. तिथे त्यांचाही पुतळा उभारला गेला होता. बेचाळीसच्या लढ्याच्या दिवसांत भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हविरे या दोघींनी तो विद्रूप केला. रिकाम्या झालेल्या जागी १९४५ साली शिवाजी महाराजांचा पुतळा बसला. भालजी पेंढारकरांनी पुढाकार घेतला आणि पुतळा घडवला बाबूराव पेंटरांनी. ज्यांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः तयार केला होता, ते बाबूराव. सतरा वर्षांपूर्वी ज्यांनी पुण्यात महाराजांच्या पुतळ्यावरचा पडदा ओढला, त्यांच्याच जागेवर महाराज आले. बोटीनं येणाऱ्या पुतळ्यांचा काळ संपला होता, हे याहून स्पष्ट कुठे दिसेल?

त्या पिढीतले आपले शिल्पकार कुठे कुठे पसरले ते पाहिलं की घर सोडून आलेल्या माझ्यासारख्याला बरं वाटतं. वसईचे रघुनाथ कृष्ण फडके. गिरगाव चौपाटीवरचा लोकमान्यांचा पुतळा त्यांचा, १९३३चा. ते पुढे मध्य भारतात धारला जाऊन राहिले आणि तिथलेच झाले. टिळकांचा विषय निघाला की रायपूरकर मराठी माणसाला माधवराव सप्रे आठवतात: १९००मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ काढणारे, ‘गीतारहस्य’ हिंदीत नेणारे. बुढा तालाबाजवळचं मैदान आजही त्यांच्या नावानं ओळखतात. कल्याणचे सदाशिव साठे म्हणजे भाऊ साठे. गेटवे ऑफ इंडियासमोरचा अश्वारूढ पुतळा त्यांचा, २६ जानेवारी १९६१चा. तिथे आधी पाचवा जॉर्ज उभा होता.

पण कांस्य सगळ्यांना परवडणारं नव्हतं. चौकातला पुतळा राजांच्या आणि कमिट्यांच्या हातून वस्तीच्या हातात आला तो सिमेंटमुळे. कोल्हापूरच्या बिंदू चौकात ९ डिसेंबर १९५०ला माधवराव बागलांनी महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे पुतळे बसवले. बाबासाहेब तेव्हा हयात होते. त्यानंतरच्या काळात बाबासाहेबांचा पुतळा ज्या वेगानं गावोगाव गेला, तसा आपल्या देशात क्वचितच कुणाचा गेला असेल. निळा कोट, हातात संविधान, एक बोट पुढे. भंडारा, नागपूर, राजनांदगाव, रायपूर, कुठल्याही बाजूला जा. सळयांचा सांगाडा, त्याला जाळी, त्यावर सिमेंट आणि वरून ऑइल पेंट. वर्गणीतून, मजुरीच्या पैशांतून. कलासमीक्षक या पुतळ्यांकडे बघत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. नाकाचं माप चुकलं असेल, पण ज्यांना देवळाच्या पायरीवर उभं राहू दिलं नाही त्यांनी स्वतःच्या वस्तीच्या तोंडाशी आपला माणूस उभा केला. आपल्या काळातल्या सार्वजनिक शिल्पाचा हा सगळ्यात मोठा अध्याय आहे. त्याच्या पोटातली आठ-दहा मिलिमीटरची सळई आमच्यासारख्याच मिलमधून गेली.

सिमेंटला कमी लेखू नये, हे मोठ्या शिल्पकारांनीही दाखवून दिलं. करमरकरांच्या सासवण्याच्या घरी आज त्यांचं संग्रहालय आहे. तिथली म्हैस पाहून वाटेत कुणीतरी खरीच बांधली आहे असं वाटतं. धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे राम सुतार तर सिमेंटच्या ठोकळ्यातूनच वर आले. चंबळवरच्या गांधीसागर धरणापाशी त्यांनी ४५ फुटी चंबळमाता थेट काँक्रीटमधून छिन्नीनं कोरली, शेजारी मध्य प्रदेश आणि राजस्थान ही तिची दोन लेकरं. ओतण्यात धातू भरतात, कोरण्यात काढत जातात. ४५ फुटांवर छिन्नी चालवताना चुकीचा टवका उडाला तर तो परत बसत नाही. त्याच सुतारांचा सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळा ३१ ऑक्टोबर २०१८ला उघडला गेला. आत काँक्रीटचे गाभे, त्याभोवती पोलादाचा सांगाडा आणि बाहेर कांस्याचे पत्रे. ते पत्रे चीनमध्ये ओतून घ्यावे लागले. माझगावात १९२८ला जे आपण आपल्या हातानं केलं, त्याच्या नव्वद वर्षांनंतर ही वेळ का आली, याचा विचार पोलादाच्या गावात राहणाऱ्या माणसाला सोडत नाही. ओतशाळा आपल्याकडे आहेत, माणसं आहेत. मोठं कलाकाम घेऊन शिकण्याची सवय मात्र आपण मोडू दिली.

आता आमचं रायपूर. जयस्तंभ चौकात वीर नारायणसिंहांना १० डिसेंबर १८५७ला फाशी दिली, असं इथे प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक असतं. बुढा तालाबाच्या मधोमध विवेकानंद बसले आहेत, ३७ फुटांचे. भिलाईचे शिल्पकार जे. एम. नेल्सन यांचं ते काम; त्यांना २००८ला पद्मश्री मिळाली. विवेकानंद इथे का, तर १८७७च्या सुमारास किशोरवयीन नरेंद्र आपल्या वडिलांपाशी रायपूरला येऊन राहिला होता. रेल्वे नव्हती, नागपूरहून पुढे बैलगाडीनं. बसलेला पुतळा पाहून मला नेहमी हायसं वाटतं: वजन पसरलेलं असतं, घोट्यांची काळजी नाही. नव्या रायपुरातलं पुरखौती मुक्तांगण २००६ला डॉ. कलाम यांच्या हस्ते उघडलं. तिथे पंथी नाचणारे, गौरसिंग लावून नाचणारे माडिया, माणसाच्या मापाचे. कुणी पुढारी नाही, चौथराही नाही. पोरं त्यांच्या कमरेला मिठी मारून फोटो काढतात.

नाव नसलेल्या शिल्पाचं आपल्याकडे काय होतं, याची दुःखद गोष्ट मुंबईची. पिलू पोचखानवाला यांचं ‘स्पार्क’ हे अमूर्त धातुशिल्प हाजीअलीजवळ उभं होतं. शहर वाढलं, शिल्प आड आलं, उतरवलं गेलं. त्याची जयंती नव्हती, मोर्चा निघणार नव्हता. पुतळ्याला राखण असते ती त्याच्या माणसांची. अमूर्त शिल्पाला फक्त शहराच्या जाणिवेची. २०१७ला काळ्या घोड्याच्या परिसरात श्रीहरी भोसले यांनी घडवलेला घोडा आला, यावेळी पाठीवर कुणीच नाही. तो टिकेल असं वाटतं, कारण त्या जागेचं नावच त्याला राखतं.

बस्तरात मात्र रस्त्याकडेला उभी शिल्पं ही जुनीच रीत आहे. माडिया गोंड आपल्या मेलेल्या माणसासाठी दगड उभा करतात, पूर्वी कोरीव लाकडी खांबही करत. दंतेवाड्याच्या वाटेवर असे स्मृतिस्तंभ दिसतात. अलीकडचे सिमेंटचे आणि रंगवलेले. त्यावर हत्ती, मोर, नर्तक, आणि जोडीला सायकल, मोटारगाडी, विमानसुद्धा. गेलेल्या माणसाला जे आवडत होतं, जे मिळालं, जे मिळालं नाही, ते सगळं. कुणी मोठा असायची अट नाही. शहरात जे ‘समकालीन’ म्हणून गॅलरीत मांडतात, ते त्या रस्त्यावर उन्हात उभं आहे.

परत सांगाड्याकडे येतो. जगातला या बाबतीतला सगळ्यात मोठा धडा न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेनं दिला. १८८६चा तो पुतळा म्हणजे अडीच मिलिमीटरचाही नसलेला तांब्याचा पत्रा, आणि आत आयफेलनं बांधलेला लोखंडी सांगाडा. तांबं आणि लोखंड एकमेकांना टेकले आणि मध्ये खारं पाणी आलं, की लोखंड झपाट्यानं सडतं. हे आयफेलला माहीत होतं, म्हणून त्यानं दोन्हींच्या मध्ये अस्तर घातलं होतं. अस्तर झिजलं, लोखंड फुगलं, त्या फुगवट्यानं पत्र्याचे रिव्हेट उपटले. १९८४ ते १९८६च्या दुरुस्तीत आतल्या लोखंडी पट्ट्या काढून स्टेनलेस स्टीलच्या बसवल्या. मालवण समुद्रावर आहे. तिथे गंज, कमकुवत सांगाडा आणि सदोष वेल्डिंग ही कारणं चौकशीत पुढे आल्याच्या बातम्या आल्या. शंभर वर्षांपूर्वीचं ज्ञान आपल्याला पुरेसं होतं. मे २०२५मध्ये तिथे सुतार पितापुत्रांच्या कामातून नवा ६० फुटी कांस्य पुतळा उभा राहिला, आत स्टेनलेस स्टीलचा सांगाडा घेऊन. त्याच वर्षाच्या डिसेंबरात राम सुतार वारले, शंभरी पुरी करून.

माझी मागणी एकच आहे आणि ती मी जिथे संधी मिळेल तिथे मांडतो. चौथऱ्याच्या शिळेवर उद्घाटकाचं नाव असतं, नगराध्यक्षाचं असतं, कधीकधी शिल्पकाराचंही. त्याखाली ओतशाळेचं नाव लिहा. धातू कोणता, वजन किती, आतलं लोखंड कोणतं, शेवटची तपासणी कधी झाली ते लिहा. पुलावर लिहितात, बॉयलरवर लिहितात, लिफ्टमध्ये लिहितात. पुतळ्याखालीसुद्धा पोरं खेळतात.

आमची शेड आता पुतण्या चालवतो. मी सकाळी जाऊन बसतो. परवा एका गावच्या समितीनं पाठवलेला मध्यस्थ आला होता. पंधरा फुटी फायबरच्या पुतळ्याला सांगाडा हवा होता, साध्या अँगलचा, स्वस्तातला. पुतण्यानं रेखाटन त्याच्यापुढे ठेवलं. घोट्यांतून स्टेनलेसची जाड पट्टी जाऊन चौथऱ्यात काँक्रीटमध्ये तीन फूट खाली पुरलेली. पावसाचं पाणी आत साठू नये म्हणून तळाशी भोकं. आणि पाठीवरच्या शेल्याच्या घडीत, दिसणार नाही अशी, हात आणि टॉर्च जाईल एवढी झडप.

“महाराजांच्या पाठीत दार कशाला, भैया?” त्यानं विचारलं.

“वर्षातून एकदा पावसाळ्यानंतर उघडून आतले वेल्ड बघायचे,” पुतण्या म्हणाला. “गंज दिसला तर फोन करायचा. येण्याचे पैसे घेणार नाही.”

तो किमतीवर बराच वेळ अडून बसला. शेवटी कबूल झाला. तो गेल्यावर पुतण्यानं मला विचारून अंदाजपत्रकात झडपेची आणि भोकांची वेगळी ओळ लिहिली. “काका, एकत्र लिहिलं तर घासाघीस करताना कुणीतरी हेच आधी खोडेल,” तो म्हणाला, आणि स्टेनलेसच्या पट्टीचा भाव विचारायला फोन उचलला.